वेळेत नॅनोसेकंद मिळवला आणि वेळ हललीच नाही: शेजारच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येचं प्रकरण

रात्री लावलेला प्रोग्रॅम पहाटेपर्यंत संपायला हवा होता. सकाळी बघितलं तर चालूच. सीपीयूचा एक कोअर शंभर टक्क्यांवर, मेमरी आहे तेवढीच, आणि लॉगमधली शेवटची ओळ पाच तासांपूर्वीची. मेमरी वाढत नाही आणि कामही पुढे जात नाही, म्हणजे कुठेतरी लूप फिरत बसलाय एवढं कळलं. डीबगर जोडला, प्रोग्रॅम तीन वेळा मध्येच थांबवला. तिन्ही वेळा तो याच दोन ओळींवर सापडला:

जोपर्यंत "नोंदी"मध्ये "वेळ" आधीच आहे, तोपर्यंत
    वेळ = वेळ + एक नॅनोसेकंद

मूळ कोड सी प्लस प्लसमध्ये होता, इथे त्याचा आशय मराठीत दिलाय. काम साधं होतं. काही सेन्सरकडून मोजमापं येत होती, प्रत्येकावर मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ. ती वेळ सेकंदांत, डबल प्रकारच्या, म्हणजे ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट (दशांश चिन्हाच्या) संख्येत ठेवायची आणि तीच की, म्हणजे नोंद शोधायची खूण, धरून मोजमाप एका क्रमवार मॅपमध्ये टाकायचं. दोन मोजमापं नेमक्या एकाच मायक्रोसेकंदाला आली तर? मॅपमध्ये एका कीला एकच जागा. म्हणून दुसऱ्याची वेळ केसभर पुढे सरकवायची, जागा मोकळी मिळेपर्यंत. नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग, तेवढ्याने कुणाचं काय बिघडणार, असा हा विचार. लिहिणारा मीच होतो आणि तेव्हा मला तो पटलेला होता.

हा कोड कित्येक महिने बिनबोभाट चालला. त्या आठवड्यात एकच बदल झाला होता. आधी वेळ प्रयोग सुरू झाल्यापासून मोजली जायची, म्हणजे ०, १२.५, ३६०० अशा संख्या. आता ती युनिक्सच्या पद्धतीने, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत यायला लागली. डीबगरमध्ये अडकलेली वेळ १७० कोटींच्या घरातली होती. हिशोब सोपा जावा म्हणून ती नेमकी १७००००००००.० धरू. यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेप्रमाणे, ती वेळ १४ नोव्हेंबर २०२३, २२ वाजून १३ मिनिटं २० सेकंद अशी येते.

डीबगरमध्येच हाताने करून बघितलं: १७००००००००.० अधिक एक नॅनोसेकंद. उत्तर आलं १७००००००००.०. आधी वाटलं छापतानाच गोल करत असेल, म्हणून दोन्ही संख्या समान आहेत का असं थेट विचारलं. उत्तर "हो".

डबलमध्ये ६४ बिट असतात: १ चिन्हाचा, ११ घातांकाचे, ५२ अपूर्णांकाचे. घातांक ठरला की दोनच्या एका घातापासून पुढच्या घातापर्यंतचा पट्टा ठरतो, आणि त्या पट्ट्यात ५२ बिटांना जमतील तेवढ्याच, सारख्या अंतरावरच्या संख्या बसतात. पट्टा १ ते २ असो किंवा १०७३७४१८२४ ते २१४७४८३६४८ असो, आतल्या संख्या तेवढ्याच. पट्टा मोठा झाला की अंतरं ताणली जातात. हा दुसरा पट्टा म्हणजे २ च्या ३० व्या घातापासून ३१ व्या घातापर्यंतचा. युनिक्सची वेळ त्यात १० जानेवारी २००४ ला शिरली आणि १९ जानेवारी २०३८ ला बाहेर पडेल. या पट्ट्यात शेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर २ चा उणे २२ वा घात, म्हणजे ०.०००००० २३८४१८५७९१०१५६२५ सेकंद. जवळपास २३८ नॅनोसेकंद.

म्हणजे १७००००००००.० नंतरची पहिली संख्या २३८ नॅनोसेकंद लांब आहे. मध्ये काही नाही, पूर्ण मोकळं. बेरीज झाली की खरं उत्तर या दोन संख्यांच्या मध्ये कुठेतरी पडतं आणि प्रोसेसर ते जवळच्या संख्येवर नेऊन ठेवतो. एक नॅनोसेकंद पुढे गेलेल्याला जवळची संख्या कोणती, तर जिथून निघाला तीच. इथे अचूकता "थोडी कमी" झाली असं म्हणणं चुकीचं आहे. मिळवलेलं सगळंच्या सगळं गेलं. हजार नॅनोसेकंद एकेक करून मिळवले तरी वेळ तिथेच राहते. तेच हजार एकदम मिळवले तर ती चार घरं, म्हणजे चार संख्या, पुढे जाते.

मग महिनोन्महिने चाललं कसं? १२.५ च्या आसपास शेजारचं अंतर २ चा उणे ४९ वा घात, म्हणजे नॅनोसेकंदाच्या काही लाख पटींनी लहान. तिथे नॅनोसेकंद आरामात मिळतो. तो पूर्ण गिळला जायला लागतो तो १६७७७२१६ सेकंदांपासून, म्हणजे २ च्या २४ व्या घातापासून. दिवसांत सांगायचं तर साधारण १९४ दिवस. आमचा सर्वांत लांबलेला प्रयोगसुद्धा काही तासांचा होता आणि टेस्टमधल्या वेळा तर बोटांवर मोजता येतील एवढ्या लहान. टेस्ट हिरव्या होत्या कारण आम्ही त्या छोट्या आकड्यांवरच चालवत होतो.

(जाता जाता: हीच वेळ कुणी ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ठेवली तर शेजारचं अंतर १२८ सेकंद होतं. दोन मिनिटांहून जास्त. असा कोड मी प्रत्यक्ष पाहिलाय.)

दुरुस्ती काय करायची यावर पहिली सूचना आली ती एप्सिलॉनची. "अरे, नॅनोसेकंद कशाला, डबलचा एप्सिलॉन मिळव ना, तो सर्वांत लहान फरक असतो." हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. सी आणि सी प्लस प्लसमधला एप्सिलॉन म्हणजे २ चा उणे ५२ वा घात, आणि तो फक्त १ आणि १ च्या लगेच पुढच्या संख्येमधला फरक आहे. १ ते २ या पट्ट्यापुरताच तो शेजाऱ्याचं अंतर सांगतो. १७० कोटींवर तो नॅनोसेकंदाहूनही कितीतरी लहान, म्हणजे आणखीच निरुपयोगी. नावांनी गोंधळ वाढवलाय ते वेगळंच. सी शार्पमध्ये डबलच्या एप्सिलॉन नावाखाली शून्याहून मोठी अशी सर्वांत लहान संख्या मिळते, साधारण ४.९४ गुणिले १० चा उणे ३२४ वा घात. जावामध्ये तीच संख्या "मिन व्हॅल्यू" या नावाने आहे. सी मधला "डबल मिन" मात्र सर्वांत लहान नॉर्मल संख्या देतो, २.२ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात. एका भाषेतून दुसरीत कोड उतरवताना यांची अदलाबदल झाली की बग शोधायला दिवस जातो.

दुसरी सूचना जास्त हुशारीची होती: मिळवू नका, गुणा. वेळेला "१ अधिक एप्सिलॉन"ने गुणलं की फरक आपोआप संख्येच्या आकारमानात पडतो. करून बघितलं, लूप सुटला. मी ते जवळजवळ ठेवूनच दिलं होतं. पण १७ सार्थ अंक छापून बघितल्यावर दिसलं की वेळ एक घर सोडून दुसऱ्या घरात जातेय. २३८ ऐवजी ४७७ नॅनोसेकंद.

कारण कागदावर लगेच सापडतं. १७०००००००० ला २ च्या ३० व्या घाताने भागलं तर १.५८ येतात. गुणाकाराने पडणारा फरक म्हणजे तेवढीच घरं, १.५८. गोल केल्यावर दोन. भागाकार दीडच्या खाली असता तर एक घर पडलं असतं. युनिक्सच्या वेळेने हा दीडचा उंबरा १६१०६१२७३६ या सेकंदाला ओलांडला, यूटीसीप्रमाणे १४ जानेवारी २०२१ ला सकाळी ८ वाजून २५ मिनिटं ३६ सेकंदांनी. त्या क्षणाच्या आधी हा गुणाकार बरोबर शेजारी द्यायचा, नंतर शेजाऱ्याला ओलांडून पुढचा. म्हणजे २०२० मधल्या नोंदींवर तपासून "चालतंय" म्हटलेला कोड पुढच्या वर्षी कुणीही हात न लावता वेगळं वागला असता. हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

शिवाय शून्याला कशानेही गुणा, शून्यच. ज्या टेस्ट आधी काहीच पकडत नव्हत्या त्यांनी हे मात्र पकडलं, कारण त्यांच्या वेळा शून्यापासून सुरू व्हायच्या आणि पहिल्याच धडकेला लूप पुन्हा अडकला.

तिसरा मार्ग बिटांचा, आणि तो मला सर्वांत आवडतो, चुकीच्या हातात धोक्याचा असला तरी. आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या मानकात बिटांची मांडणी अशी आहे की घातांक वर आणि अपूर्णांक त्याच्या खाली. त्यामुळे धन संख्यांचे ६४ बिट पूर्णांक म्हणून वाचले तर त्यांचा क्रम मूळ संख्यांच्याच क्रमाने लागतो. आणि शेजारच्या दोन संख्यांचे पूर्णांकही शेजारचेच.

१.० चे बिट पूर्णांक म्हणून वाचा: ४६०७१८२४१८८००१७४०८. त्यात १ मिळवा: ४६०७१८२४१८८००१७४०९. हे बिट परत डबल म्हणून वाचले की १.०००००००००००००००२२२ अशी सुरू होणारी संख्या मिळते, १ नंतरची सर्वांत जवळची. आपली वेळ १७००००००००.० म्हणजे ४७४४९१७१२४७९३७६१७९२. एक मिळवून शेवटचा अंक ३ झाला की वेळ होते १७००००००००.०००००० २३८४१८५७९१०१५६२५. नेमकं एक घर. इथे भागाकार दीडच्या वर की खाली हा प्रश्नच येत नाही.

पट्टा संपतो तिथे काय होतं ते तर बघण्यासारखं आहे. २ च्या अगदी आधीच्या संख्येत अपूर्णांकाचे ५२ च्या ५२ बिट १ असतात. त्यात एक मिळवला की हातचा वर सरकत सरकत थेट घातांकात जातो, अपूर्णांक सगळा शून्य होतो आणि बरोबर २.० उभं राहतं. गाडीच्या मीटरवर ९९९९ चे १०००० व्हावेत तसं. सर्वांत मोठ्या सांत संख्येत एक मिळवला तर अनंत येतं, आणि तेच बरोबर उत्तर आहे. शून्यात एक मिळवला तर सर्वांत लहान धन संख्या. मानक लिहिणाऱ्यांनी हे जमवून आणलंय, योगायोगाने झालेलं नाही. या मानकामागचे प्रमुख गणिती विल्यम कॅहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ही मांडणी बिटाबिटाने उलगडून बघितली की त्या कामाची खोली कळते.

तर मी तेच लिहिलं. बिट पूर्णांकात उचलायचे (पॉइंटरचा प्रकार बदलून नव्हे, ते सी प्लस प्लसच्या नियमांत बसत नाही, बाइट जसेच्या तसे उचलणाऱ्या मेमकॉपीने), एक मिळवायचा, परत ठेवायचे. टेस्ट हिरव्या, रात्रीचा प्रोग्रॅम दहा मिनिटांत संपला. दोन दिवस सगळं शांत.

तिसऱ्या दिवशी एका आलेखात दोन मोजमापं उलट्या क्रमाने दिसली. काही प्रयोगांत अजूनही वेळ एका ठरलेल्या क्षणापासून मोजली जायची आणि त्या क्षणाच्या आधीची मोजमापंही जपली जायची. त्यांच्या वेळा ऋण. उणे ३.२५ ला दोन मोजमापं आली, दुसऱ्याला "पुढे" सरकवलं आणि ते पहिल्याच्या मागे जाऊन बसलं. चिन्हाचा बिट वेगळा असल्यामुळे ऋण संख्येच्या बिटांत एक मिळवला की तिचं मूल्यमाप वाढतं, म्हणजे ती शून्यापासून आणखी लांब, आणखी खाली जाते. वर जायचं असेल तर तिथे एक वजा करावा लागतो. उणे शून्य हे तिसरंच दुखणं: ते शून्याबरोबर समान भरतं, पण त्याचे बिट वेगळे, आणि त्यात एक मिळवला तर शून्याच्या सर्वांत जवळची ऋण संख्या हातात येते. अनंतात एक मिळवला तर नॅन, म्हणजे "संख्याच नाही".

हा बग मला पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट वाटला. पहिल्याने निदान प्रोग्रॅम थांबवला होता. हा गप्प राहून मोजमापांचा क्रम फिरवत होता, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो क्रमच तर होता.

यावर चार अटी लावून माझं फंक्शन दुरुस्त करता आलं असतं. तसं केलं नाही, कारण हे काम करणारं फंक्शन लायब्ररीत आधीच होतं. नाव नेक्स्टआफ्टर: एक संख्या द्या, एक दिशा द्या, त्या दिशेची शेजारची संख्या घ्या. १९८५ च्या मूळ मानकाच्या परिशिष्टात ते सुचवलेलं होतं, सी मध्ये १९९९ च्या मानकात आलं, सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या. २००८ च्या सुधारित आयईईई ७५४ मध्ये "वरचा शेजारी" आणि "खालचा शेजारी" या क्रिया सक्तीच्या झाल्या. जावामध्ये नेक्स्टअप आणि नेक्स्टडाउन आहेत, पायथनमध्ये ३.९ पासून मॅथ मॉड्यूलमध्ये नेक्स्टआफ्टर आणि शेजारचं अंतर देणारं यूएलपी, डॉटनेटमध्ये कोअर ३.० पासून बिटइन्क्रिमेंट, ज्युलियामध्ये नेक्स्टफ्लोट आणि प्रेव्हफ्लोट, गो मध्ये नेक्स्टआफ्टर. फोरट्रानमध्ये निअरेस्ट तर ९० च्या आवृत्तीपासून आहे. जावास्क्रिप्टमध्ये मात्र अजून असं अंगभूत काही नाही, तिथे बिट हातानेच हलवावे लागतात.

नेक्स्टआफ्टर वापरतानाही दोन ठिकाणी पाय घसरतो. दिशा म्हणून "वेळ अधिक १" देणारे बरेच भेटतात. वेळ २ च्या ५३ व्या घातापलीकडे गेली की तिच्यात १ मिळवून ती बदलेलच याची खात्री नाही, आणि दिशा व संख्या समान असली की फंक्शन तीच संख्या परत देतं. वर जायचं तर दिशा धन अनंत, खाली जायचं तर ऋण अनंत, बाकी काही देऊ नये. खाली जाण्यासाठी शून्य देणं ही तर सरळ चूक, ऋण संख्या त्याने वर चढते. दुसरं, सी मध्ये ३२ बिटांची फ्लोट या फंक्शनला दिली तर ती आधी डबल होते, शेजारी डबलचा सापडतो आणि परत फ्लोटमध्ये ठेवताना गोल होऊन मूळ जागी येतो. फ्लोटसाठी शेवटी एफ असलेलं वेगळं फंक्शन आहे.

आणखी एक मी मुद्दाम करून बघितलं. कंपायलरला गणित वेगाने करायची सूट दिली की काही प्रोसेसरवर शून्याजवळच्या अतिलहान, म्हणजे सबनॉर्मल, संख्या शून्य समजल्या जातात. शून्याचा वरचा शेजारी अशीच संख्या आहे. तुलना करताना ती शून्याइतकीच भरली की "जागा आधीच भरलेली आहे" हे उत्तर पुन्हा येतं, लूप पुढच्या शेजाऱ्याकडे जातो, तोही शून्याइतकाच. या पट्ट्यात ४५०३५९९६२७३७०४९५ संख्या आहेत. लूप कधीतरी संपेल, पण त्याची वाट बघत कुणी बसणार नाही. आम्ही ती सूट वापरत नव्हतो. आता बिल्डच्या फाइलमध्ये ती लावू नये अशी टीप आहे, कारणासकट.

एवढं झाल्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण शेजारचं अंतर २३८ नॅनोसेकंद हा आकडा डोक्यातून जात नव्हता. मोजमापं मायक्रोसेकंदाची. एका मायक्रोसेकंदात अशी घरं किती? ४.१९. म्हणजे कधी चार, कधी पाच, बहुतेक वेळा चारच. चार सेन्सर एकाच क्षणाला बोलले तर चौघं बसतात. पाचवा आला की तो बहुतेक वेळा पुढच्या मायक्रोसेकंदाच्या स्वतःच्या घरात जाऊन बसतो, आणि त्या मायक्रोसेकंदाचं खरं मोजमाप आलं की त्यालाच ढकललं जातं. आमचे आठ सेन्सर एकाच घड्याळावर चालवायचं ठरलेलं होतं. प्रत्येक वेळेला आठ मोजमापं, घरं चार. २०३८ च्या जानेवारीत पुढचा पट्टा सुरू झाला की अंतर दुप्पट आणि घरं दोनच.

त्याच सुमाराला एक जुनी तक्रार आठवली. आलेख काढणारा दुसरा प्रोग्रॅम आमच्या फाइल वाचायचा आणि त्यात कधीकधी बिंदू कमी दिसायचे. फाइलमध्ये वेळ दशांशानंतर सहा अंकांनी लिहिली जात होती. नॅनोसेकंदाने सरकवलेली मोजमापं लिहिताना पुन्हा मूळ वेळेवरच यायची, आणि तो प्रोग्रॅम सारखी वेळ दिसली की एकच ओळ ठेवायचा. आमचा प्रोग्रॅम तीच फाइल वाचताना मोजमापांना परत ढकलून वेगळं करायचा, म्हणून आम्हाला हे कधी दिसलंच नाही. डबल शब्दशः जपायचा तर १७ सार्थ अंक लिहावे लागतात. १७० कोटींच्या वेळेला त्याचा अर्थ दशांशानंतर सात. सहा अंकांत २३८ आणि ४७७ नॅनोसेकंदांवरचे दोन्ही शेजारी मूळ वेळेतच मिसळतात.

इथे माझं मत बदललं. शेजारची संख्या शोधायची रीत आता बरोबर होती, पण ती चुकीच्या कामाला जुंपलेली होती. दोन मोजमापं एकाच क्षणाची असतील तर त्यांची वेळ एकच आहे. त्यांना वेगळं ओळखण्यासाठी वेळेला खोटं बोलायला लावणं हा मूळ दोष, आणि नेक्स्टआफ्टर वापरून मी तो दोष फक्त नेमका केला होता. ढकलण्याचा लूप काढून टाकला. की आता जोडीची आहे: पहिला भाग ६४ बिटांच्या पूर्णांकात मायक्रोसेकंद, दुसरा भाग त्या क्षणातला अनुक्रमांक. पूर्णांकात सगळे शेजारी सारख्या अंतरावर असतात, कुठल्याही सालात. जुन्या फाइलमधल्या वेळा मिसळल्या होत्या, पण ओळींचा क्रम शाबूत होता. त्यावरून अनुक्रमांक परत लावता आले आणि आलेखातले हरवलेले बिंदू दिसायला लागले.

नेक्स्टआफ्टर मात्र कोडमध्ये राहिला, एका ठिकाणी, आणि तिथे तो हवाच आहे. मोजमापं शोधून देणारी एक लायब्ररी वेळ डबलमध्ये घेते आणि "इथपासून तिथपर्यंत" मागितलं की दोन्ही टोकं धरून देते. आम्ही मोजमापं पानापानाने मागवतो आणि आम्हाला हवं असतं शेवटचं टोक वगळून, कारण पुढचं पान तिथूनच सुरू होतं. या कॉलमध्ये पूर्वी "शेवट वजा एक नॅनोसेकंद" असं लिहिलेलं होतं. युनिक्सच्या वेळेवर ती वजाबाकी काहीच वजा करत नव्हती, आणि टोकावरचं मोजमाप दोन्ही पानांवर मोजलं जात होतं. कुणीतरी आधी मिलिसेकंद वजा केल्याचाही कोडच्या इतिहासात पुरावा सापडला. त्या काळात प्रत्येक पानाच्या शेवटच्या मिलिसेकंदातली मोजमापं कुठल्याच पानावर नव्हती. आता तिथे शेवटचा खालचा शेजारी जातो. टोक वगळलं जातं आणि त्याच्या आधीची एकही संख्या सुटत नाही, कारण सुटायला मध्ये संख्याच नसते.

त्या एका ओळीसाठी लिहिलेली टेस्ट तिच्याहून बरीच मोठी आहे. तीत शून्य, उणे शून्य, १, उणे ३.२५, १७०००००००० आणि सर्वांत मोठी सांत संख्या यांचे दोन्हीकडचे शेजारी काढून बघतो. १०७३७४१८२४ मुद्दाम घातलाय, कारण पट्ट्याच्या सीमेवर खालच्या शेजाऱ्याचं अंतर वरच्याच्या निम्मं असतं. प्रत्येक संख्येचा वरचा शेजारी काढून त्याचा खालचा काढला तर मूळ संख्या मिळायला हवी. अनंत तेवढं यातून वगळलंय, कारण ते वर जात नाही पण खाली येतं. आणि सांत असलेल्या प्रत्येक शेजारजोडीचा मध्य काढून बघतो. तो मध्य दोघांपैकी एकावर जाऊन बसला तर टेस्ट पास, तिसरीच संख्या मिळाली तर ते शेजारी नव्हतेच.